सुझ्दालची काकडी

मंडळी, नमस्कार. आज सुझ्दालच्या सणांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात मी काकडीपासून करणार आहे.

सुझ्दाल मॉस्कोच्या पूर्वेला सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. कामेन्का नावाची छोटी नदी गावातून वळणं घेत जाते. दहाएक हजारांची वस्ती. इतिवृत्तात पहिला उल्लेख १०२४ सालचा, म्हणजे गाव हजार वर्षांचं. १८६२ साली मॉस्को ते निझ्नी नोव्हगोरोद रेल्वे पुरी झाली, ती सव्वीस किलोमीटरवरच्या व्लादिमिरवरून गेली आणि सुझ्दाल बाजूला पडलं. मोठे कारखाने आले नाहीत म्हणून जुनी देवळं, मठ, लाकडी घरं टिकली. आज पर्यटक तेच बघायला येतात. पण त्या वेळच्या माणसांनी खायचं काय? त्यांना तारलं परसानं. तिथली जमीन काळी, कसदार. घरामागच्या वाफ्यात कांदा आणि काकडी, आणि काकडी पिकवण्यात या गावाचं नाव पूर्वीपासूनच होतं.

२००१ पासून दर जुलैत तिथे काकडीचा उत्सव भरतो. जागा म्हणजे लाकडी वास्तूंचं संग्रहालय. आसपासच्या खेड्यांतली जुनी घरं, पवनचक्क्या, १७५६ सालचं एक चर्च, सगळं उचलून आणून तिथे पुन्हा उभं केलंय. गाणी, नाच, खेळ, आणि जिकडे बघावं तिकडे काकडी. कुणी म्हणेल, वीस-पंचवीस वर्षांचा हा उत्सव, पर्यटकांसाठी काढलेला, याला परंपरा कसं म्हणायचं? मला हा आक्षेप पटत नाही. उत्सव नवा आहे, बरणी भरणारा हात जुना आहे.

तो हात नीट बघा. लोणचं म्हटलं की आपल्याला तेल, मोहरी, तिखट आठवतं. तिथे तेलाचा थेंब नाही, आणि जुन्या रीतीत व्हिनेगरही नाही. बोटाएवढ्या खडबडीत सालीच्या काकड्या आधी गार पाण्यात भिजत ठेवायच्या, म्हणजे कुरकुरीत राहतात. तळाशी फुलोऱ्यावर आलेला शेपू, लसूण, काळ्या करंट नावाच्या फळझुडपाची पानं, आणि ख्रेन नावाच्या झणझणीत मुळाची पानं. त्यावर काकड्या दाटीनं उभ्या करायच्या, मिठाचं पाणी ओतायचं आणि वर वजन ठेवायचं. दोन दिवसांत हलकी मुरलेली काकडी तयार, ती लगेच खायची. बाकीची आंबत ठेवायची आणि थंड तळघरात न्यायची.

आता हिवाळ्याच्या शेवटाकडे या. ईस्टरच्या सात आठवडे आधी मास्लेनित्सा हा सण येतो. आठवडाभर लोण्यात भिजलेले ब्लिनी, म्हणजे साधारण आपल्या घावनासारखे, पण आंबवलेल्या पिठाचे. या आठवड्यात मांस बंद, दूध-लोणी-अंडी मात्र चालतात. प्रत्येक दिवसाला वेगळं नाव. बुधवारी जावई सासूकडे ब्लिनी खायला जातो, शुक्रवारी सासू जावयाकडे येते. आपल्याकडे जावयाचा मान दिवाळसणाला. तिथे परतभेटीलाही दिवस ठरलेला आहे, हे मला फार आवडतं. सुझ्दालमध्ये बर्फात खेळ रंगतात, गुळगुळीत खांबावर चढायच्या पैजा लागतात. रविवारी गवताची, रंगीत कपडे नेसवलेली बाहुली जाळतात, हिवाळ्याला निरोप म्हणून. त्याच दिवशी माणसं एकमेकांना म्हणतात, “मला क्षमा कर.” उत्तर ठरलेलं: “देव क्षमा करील.” नवरा-बायको, आई-मुलगा, शेजारी-शेजारी, सगळे म्हणतात.

सोमवारपासून ईस्टरपर्यंत मोठा उपवास. मांस नाही, आणि आता दूध नाही, लोणी नाही, अंडंही नाही. बाहेर अजून बर्फ, वाफ्यात हिरवं पान नाही. मग ताटात काय येतं? आंबवलेला कोबी, खारवलेल्या अळंब्या, आणि तळघरातून काढलेली, जुलैत भरलेली ती काकडी.