कात्री लावण्याआधी

(दृश्य: पानगळ झालेला हायड्रेंजिया. कॅमेरा एका फांदीच्या टोकाशी.)

हायड्रेंजिया या फुलझाडाची पानं गळून गेलीत, नुसत्या काटक्या उरल्यात. पण हे टोक जवळून बघा. इथं एक टपोरी, फुगीर कळी बसलीय. पुढच्या हंगामात फुलांचा ताटलीएवढा झुबका येईल, तो हिच्याच पोटात आहे. गेला उन्हाळा सरता सरताच तो धरला गेला.

आणि नेमकी याच वेळी कात्री बाहेर निघते. झुडूप जरा नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी टोकं एका उंचीवर छाटली जातात. पुढं पालवी अशी फुटते की बघत राहावं, पण फूल एकही नाही. मग खत बदला, माती बदला. मातीचा काही दोष नव्हता हो, फुलं तर थंडीतच कापली गेली होती!

हा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, मॅक्रोफायला, मूळचा जपानचा. तो मुख्यतः जुन्या फांदीवर फुलतो. वाळलेले झुबके थंडी सरेपर्यंत तसेच ठेवा, खालच्या कळ्यांना तेवढंच पांघरूण. नंतर झुबक्यापासून खाली येत डोळ्यांची, म्हणजे फांदीवरच्या कळ्यांची, पहिली भरदार जोडी शोधा आणि तिच्या जरा वर काप घ्या. झुडूप जुनं, दाट झालं असेल, तर सर्वांत जून एकदोन फांद्या बुडातून काढा. बस्स.

हायड्रेंजियाचाच दुसरा प्रकार, शंकूसारख्या तुऱ्यांचा पॅनिक्युलाटा, मात्र नव्या फुटीवर फुलतो. त्याला थंडीच्या अखेरीस बेधडक छाटा.

(दृश्य: निळा झुबका, मग गुलाबी.)

या पाकळ्या दिसतात ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातली पानं. दोन्हींत रंगद्रव्य एकच. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) 5.5 च्या खाली असला की मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि निळा रंग येतो, 6.5 च्या वर गुलाबी. पांढऱ्या जाती निळ्या होत नाहीत.

(दृश्य: भर दुपार. माना टाकलेली पानं.)

हे बघून जीव कळवळतो, हात पाइपाकडे जातो. थांबा. आधी बोट मातीत घाला. ओल लागली, तर पाणी नको. पानांतून उडणारं पाणी मुळांना त्या घडीला पुरवता येत नाही, इतकंच. माती कोरडी असेल तर मात्र बुडाशी सावकाश, खोलवर पाणी द्या. मुळं वरवरच पसरतात, म्हणून पालापाचोळ्याचा जाड थर हवाच.

(दृश्य: तेच झुडूप, संध्याकाळी.)

पाणी दिलेलं नाही. पानं पुन्हा ताठ उभी आहेत.