धमनीच्या भिंतीतलं गळू

श्रोतेहो, नमस्कार.

धुऱ्यावर बसून खर्रा घोटता घोटता कोणी छाती धरली, की गावात एकच बोलणं होतं: "नस ब्लॉक झाली." डोळ्यांपुढे तुंबलेला पाईप येतो. तेल-तूप खाल्लं, आतून चिकटलं, वाट बंद. चित्र सोपं आहे, पण चूक आहे. चरबी नळीच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत साचते. आणि तिला तिथे साठवून ठेवतात आपल्याच पांढऱ्या पेशी.

सुरुवात बहुधा फाट्यावर होते. पाटाला फाटा फुटतो तिथे पाणी घुटमळतं, तसंच धमनीला फांदी फुटते तिथे रक्त घुटमळतं. भिंतीचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. ते अशा जागी ढिलं पडतं. ब्लडप्रेशर, साखर आणि तंबाखू त्याला आणखी खिळखिळं करतात. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण भिंतीत शिरतात, अडकतात आणि खवट होतात. जवसाचं तेल उघडं राहिलं की होतं, अगदी तसेच.

अस्तर मग धोक्याची खूण बाहेर काढतं. रक्तातून जाणारी मोनोसाइट ही पांढरी पेशी त्या खुणेला धरून थांबते, भिंतीत घुसते आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनते. कण गिळू लागते. खरी गोम इथे आहे. साध्या पेशीला एलडीएल आत घ्यायचं एक दार असतं; पोट भरलं की पेशी ते कमी करते. या दाराचं काम उलगडणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. खवट कण मात्र दुसऱ्या दाराने येतात, आणि त्या दाराला कडीच नाही. कोलेस्टेरॉल फोडून पचवणं भक्षक पेशीला जमत नाही. फार तर ते एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल परत नेणाऱ्या कणांच्या, हवाली करायचं. आवक त्याहून जास्त असली, की पेशी तेलाच्या थेंबांनी ठासून भरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती साबणाच्या फेसासारखी दिसते, म्हणून तिचं नाव फेसपेशी.

फेसपेशी मरतात. मेलेल्या उचलणाऱ्याही थकतात, आणि मधोमध पुवासारखा लगदा साचतो. गळूच म्हणा ना! त्यावर शरीर तंतूंची साय धरतं. पण टी-पेशी, या आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी, तंतू विणणाऱ्या पेशींचा हात आखडवतात आणि भक्षक पेशींची रसायनं साय कुरतडतात. साय ६५ मायक्रॉनहून, म्हणजे साधारण केसाहून पातळ झाली, की फुटायचा धोका वाढतो. फुटली की लगदा रक्ताला लागतो आणि मिनिटांत गुठळी धरते. गळू मोठं असेलच असं नाही. म्हणून कालपर्यंत वखर हाकणारा माणूस आज अचानक कोसळतो.

पांढऱ्या पेशींच्या या सगळ्या धावपळीला सूज म्हणतात. ती खरंच दोषी आहे का, याचा पुरावा २०१७ साली आला. दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत एलडीएलला हात न लावता फक्त सुजेचा एक निरोप अडवणारं इंजेक्शन दिलं. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पहारेकऱ्यांचे हात बांधले की दुसरीकडून चोर शिरणारच.

तेव्हा आपल्या हाती उरते ती आवक कमी करणं. एकदा अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल ७० च्या खाली हवं, पुष्कळदा ५५ च्याही. स्टॅटिनची गोळी आवक घटवते आणि साय जाडही करते. रिपोर्ट चांगला आला म्हणून लोक ती सोडतात. अहो, रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. खर्ऱ्यात धूर नाही म्हणून हृदय सुटलं, असंही नाही. निकोटिन नाडी आणि प्रेशर वाढवतंच.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन लावा. माणसाला चालवू नका, टू-व्हीलरवर मधे बसवून नेऊ नका. दवाखान्यात पहिला ईसीजी साफ निघाला आणि दुखणं चालूच असलं, तर घरी परतू नका. थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा. गुठळी धरताना पहिली पट्टी कधी कधी साफच येते.