निरोपाचं भाषण

पडद्यावरचं हे पान जरा नीट बघा. वहीतून फाडलेलं, चार घड्यांचं. निळी अक्षरं दहावीतल्या एका मुलीची, लाल रेघा शाळेच्या. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं हायस्कूल आहे. नाव सांगत नाही, मुलीचंही.

निरोप समारंभात बोलायचं तर भाषण पंधरा दिवस आधी लिहून द्यायचं. आधी वर्गशिक्षिका वाचणार, मग कार्यक्रम बघणारे सर, शेवटी मुख्याध्यापकांची सही. पहिल्या फेरीत शुद्धलेखन सुधारलं, आणि ते बरंच झालं. 'परिक्षा'ची 'परीक्षा' झाली. दुसऱ्या फेरीत एक अख्खं वाक्य गेलं : 'मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी दीड वर्ष मोडकी आहे.' समासात लाल शाईत, 'येथे शाळेचे ऋण लिहावे.' तिसऱ्या प्रतीत ते ऋण दोनदा आलंय.

हा समारंभाचा दिवस. समई, निळा पडदा, बाईंच्या केसांत आबोलीचे वळेसर, माइकवर 'हॅलो, चेक, चेक'. ती येते. कागद हातात आहे, पण ती त्याच्याकडे बघत नाही. कडीचं वाक्य येतं. मागच्या बाकांवर हशा, टाळ्या. आणि आवाज जातो.

तिचे ओठ अजून हलताहेत. माइक कोणी बंद केला, ते आमच्या फ्रेममध्ये नाही.

मडगावचं लोहिया मैदान. 18 जून 1946, भर पावसात राममनोहर लोहिया इथे बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राजवट होती; सभाच काय, लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. 1954 च्या फेब्रुवारीत एका मेजवानीत गोवा पोर्तुगालचाच असं वक्ता बोलला, गोव्यातले शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध केला. त्यांना अटक करून थेट पोर्तुगालला नेलं. शाळेशी ही तुलना ताणलेली आहे, कबूल. पण बोलण्याआधी दाखवून घ्यायची ही रीत गोव्याच्या ओळखीची आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीत कॅमेरा नेऊ दिला नाही. आईवडिलांना बोलावलं, माफी लिहून घेतली, दाखल्यावर वर्तणूक 'समाधानकारक'. मैत्रिणींच्या दाखल्यांवर 'चांगली' आहे. राष्ट्रगीताला उभं राहूनही न गाणाऱ्या केरळच्या तीन भावंडांना शाळेने काढलं, तेव्हा 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं होतं. हिचं प्रकरण कुठल्याच कोर्टात जाणार नाही. तिला अकरावीचा प्रवेश हवाय.

आणि ही ती कडी, त्याच दिवशी दुपारी टिपलेली. सुतळीने बांधलेली आहे.