दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी

(पडद्यावर: मंद उजेडाची खोली. मॉनिटरवर छातीचा एक्स-रे.)

ही छाती कोणाची ते आपल्याला ठाऊक नाही. नाव झाकलंय, ते तसंच राहू दे. पण हा एक्स-रे जिने काढला तिच्याबद्दल मात्र तो बरंच बोलतो.

हासळीची ही दोन हाडं बघा. त्यांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत. इथे एक टोक रेषेला चिकटलंय, दुसरं लांब गेलंय. म्हणजे पेशंट किंचित वळून उभा होता. खांद्याची पाती फुप्फुसांवर आली आहेत, म्हणजे खांदे पुढे घेतले नाहीत. आता मागच्या बाजूच्या बरगड्या मोजा. सहा, सात, आठ, आणि संपल्या. नऊ-दहा दिसायला हव्या होत्या. श्वास पुरता भरायच्या आत बटण दाबलं गेलं.

एक्स-रे काढणारी मुलगी शिकाऊ आहे. फोटो पुन्हा घ्यावा लागणार. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं माप), निसर्गातून आपल्याला तीनेक दिवसांत मिळतो तेवढाच. घाबरण्यासारखं काही नाही. तरीही एक प्रश्न उरतोच: दुसऱ्यांदा बटण दाबलं जाईल तेव्हा तिच्या शेजारी कोण उभं असेल?

प्रश्न एवढासा, पण रेडिओग्राफीचं, म्हणजे एक्स-रे काढण्याचं, शिक्षण कसं असावं यावर जगभरात जे कागद लिहिले गेले, ते फिरून फिरून इथेच येतात.

(पडद्यावर: जुनी काचेची नळी, निळसर ठिणगी.)

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेनला हे किरण सापडले. डिसेंबरमध्ये त्याने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, बोटात अंगठी असलेलं. पुढच्या काही महिन्यांत जगभर जो तो नळ्या विकत घेऊ लागला. डॉक्टर आले, फोटोग्राफर आले, वीजकाम करणारे आले. शिकलेलं कोणीच नव्हतं, कारण शिकवणारंच कोणी नव्हतं. नळी नीट चालतेय का, हे बघायची तेव्हाची सोपी रीत म्हणजे आपलाच हात किरणांपुढे धरायचा आणि हाडं किती स्पष्ट दिसतात ते पाहायचं. रोज, दिवसातून कितीतरी वेळा.

थॉमस एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हेच करत होता. त्याच्या हातांवर जखमा झाल्या, त्या भरेनात, कर्करोग झाला, हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला. त्याचे हाल पाहून एडिसनने एक्स-रेचं काम सोडून दिलं. हॅम्बुर्गमधल्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्मारक उभारलं गेलं, किरणांनी ज्यांचा बळी घेतला त्यांच्यासाठी. सुरुवातीलाच त्यावर दीडशेहून अधिक नावं होती. पुढे वाढत गेली.

अभ्यासक्रम, परीक्षा, तपासणी या सगळ्याला आपण ‘कागदी कटकट’ म्हणून मोकळे होतो. या कटकटीचा जन्म कुठे झाला, ते या दगडावर वाचायला मिळतं.

(पडद्यावर: परीक्षेचा हॉल, जुनी छायाचित्रं.)

१९२० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत रेडिओग्राफरांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९२२ मध्ये अमेरिकेत नोंदणीसाठी परीक्षा सुरू झाली. तिथलं पहिलं प्रमाणपत्र मिळालं सिस्टर बीट्रिस मेरिगन या ननला.

आता माणसाची परीक्षा होऊ लागली. पण ज्या शाळेतून माणूस आला त्या शाळेची परीक्षा? तिला बराच उशीर झाला. रेडिओग्राफीचे अभ्यासक्रम तपासणारी अमेरिकेतली संयुक्त समिती, जेआरसीईआरटी, १९६९ मध्ये स्थापन झाली. इंग्रजीत ज्याला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात ती ‘मान्यता’ हीच. प्रमाणपत्र मिळतं माणसाला, मान्यता मिळते अभ्यासक्रमाला. बोलताना या दोन्हींची सर्रास गल्लत होते. काही संस्था तर ती गल्लत व्हावी म्हणूनच जाहिरात लिहितात की काय, अशी शंका येते.

या समितीच्या नियमांत आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते अगदी रोखठोक आहे. एखादी तपासणी स्वतंत्रपणे करण्याइतपत विद्यार्थी तयार झाला आहे, हे सिद्ध होईपर्यंत पात्र रेडिओग्राफर त्याच्यासोबत हजर हवा. सिद्ध झाल्यावर तो थोडा लांब असला तरी चालेल, पण हाकेच्या अंतरावर. मात्र फोटो बिघडला आणि पुन्हा घ्यायचा झाला, तर विद्यार्थी कितीही तरबेज असो, दुसरा फोटो पात्र रेडिओग्राफरच्या डोळ्यांदेखतच घ्यायचा. पहिल्या चुकीतून विद्यार्थी शिकतो, असं आपण म्हणतो. पण दुसऱ्या चुकीची किंमत पेशंटच्या अंगावर पडते.

आणखी एक नियम आहे. किरण चालू असताना विद्यार्थ्याने डिटेक्टर, म्हणजे किरण झेलून चित्र उमटवणारी पाटी, हातात धरून उभं राहायचं नाही. पेशंटला स्थिर ठेवायचा दुसरा योग्य उपाय असेल, तर पेशंटलाही धरायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं? बाळ रडतंय, आई गोंधळलीय, बाहेर रांग लागलीय, आणि हाताशी मोकळा फक्त शिकाऊ मुलगा. ‘जरा धर रे याला.’ एवढंच वाक्य, आणि तो धरतो, कारण नाही कसं म्हणायचं ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मान्यता देणाऱ्या समितीने हा नियम लेखी ठेवला, तो या मुलाला बोट ठेवून दाखवता यावा म्हणून.

(पडद्यावर: जगाचा नकाशा, एकेक देश उजळतो.)

मग जगभर एकच मान्यता का नाही? कारण कामाचं नावच एक नाही. कुठे रेडिओग्राफर, कुठे टेक्नॉलॉजिस्ट, कुठे टेक्निशियन. कुठे पदवी लागते, कुठे पदविका पुरते. ब्रिटनमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर एक्स-रे वाचून अहवालही देतात. अनेक देशांत ते काम फक्त डॉक्टरचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-यादीत या कामाचा क्रमांक ३२११, आणि गट ‘तंत्रज्ञ व साहाय्यक व्यावसायिक’. पदवी घेऊन आलेल्यांना हा शब्द बोचतो. मला विचाराल तर बोचायलाच हवा.

ब्रिटनमध्ये ‘रेडिओग्राफर’ हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसेल तर ते लावता येत नाही, आणि नोंद हवी तर कौन्सिलने मंजूर केलेला अभ्यासक्रम पुरा करणं हाच तिथे शिकणाऱ्यांचा रस्ता. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ पासून देशभर एकच नोंदणी आहे. युरोपातल्या रेडिओग्राफर संघटनांनी २००७ मध्ये महासंघ स्थापला. त्याचं म्हणणं असं, की युरोपीय पात्रता चौकटीच्या आठ पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीवर, म्हणजे पदवीला, या व्यवसायाचा उंबरठा असावा. रेडिओग्राफरांची जागतिक संघटना, आयएसआरआरटी, मार्गदर्शन करते. परवाना देणं तिच्या हातात नाही. एका देशातला अनुभवी रेडिओग्राफर दुसऱ्या देशात गेला की पुन्हा कागदपत्रं, पुन्हा भाषेची परीक्षा, कधी पुन्हा विद्यार्थी. हाडं तीच, किरण तेच.

सगळीकडे लागू पडावा असा समान धागा मिळतो तो सुरक्षिततेच्या नियमांत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये मूलभूत सुरक्षा मानकं प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनाही त्यांत सहभागी आहे. किरणांशी काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. सोळा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र वर्षाला फक्त ६. सोळाच्या आतल्या कोणालाही या कामाला लावायचंच नाही. विद्यार्थी हा ‘फुकटचा कामगार’ नव्हे, हे इथे आकड्यात लिहिलंय.

(पडद्यावर: खुंटीला टांगलेले शिशाचे आडोसे.)

शिकवलेलं जुनंही होतं. १९५० च्या दशकापासून पेशंटच्या जननेंद्रियांवर शिशाचा आडोसा ठेवायला शिकवलं गेलं. पिढ्यान् पिढ्या परीक्षेत त्याला गुण मिळाले. मग एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ही नित्याची प्रथा आता थांबवा. डोस पूर्वीपेक्षा फारच कमी झालेत. पुढच्या पिढीला धोका होतो, याचा पुरावा माणसांत दिसलेला नाही. उलट आडोसा नेमकं बघायचं तेच झाकतो, आणि यंत्र आपोआप डोस ठरवत असेल तर आडोशामुळे डोस वाढूही शकतो. तीस वर्षं ‘आधी आडोसा ठेव’ म्हणणाऱ्या शिक्षकाने उद्या वर्गात काय सांगायचं? आणि आडोसा दिला नाही म्हणून चिडलेल्या आईला विद्यार्थ्याने काय उत्तर द्यायचं? मला विचाराल तर हा दुसरा प्रश्न अभ्यासक्रमात असणं पहिल्याइतकंच गरजेचं आहे.

डिजिटल यंत्रांनीही असाच घोळ केला. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची, चूक भिंतीवर टांगलेली दिसायची. आता संगणक चित्र सावरून घेतो. डोस दुप्पट झाला तरी चित्र छानच, किंबहुना जास्तच गुळगुळीत. म्हणून २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने एक मानक आणलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा येतो. शून्य म्हणजे बरोबर. अधिक तीन म्हणजे डिटेक्टरवर ठरल्याच्या दुप्पट किरण. किती विद्यार्थी तो आकडा बघतात, हे शाळा तपासायला आलेल्याने आधी विचारावं.

(पडद्यावर: टेबलावर फाइलींचे ढीग. पाहुण्यांसाठी नव्या फुलदाण्या.)

तपासणी अशी होते: शाळा आधी स्वतःचं मूल्यमापन लिहून पाठवते, मग बाहेरची माणसं प्रत्यक्ष येतात. अमेरिकेत पाच वर्षांच्या सरासरीने किमान ७५ टक्के विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात नोंदणी-परीक्षा पास झालेले असावे लागतात, आणि हे आकडे लोकांसमोर ठेवावे लागतात. चांगलंच आहे. पण परीक्षेत पास झालेला विद्यार्थी वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला कुशीवर कसा वळवतो, ते टक्क्यांत दिसत नाही. म्हणून जाणता तपासनीस फाइल मिटतो आणि विद्यार्थ्यांशी बोलतो, शिक्षक खोलीत नसताना. ‘मागचा फोटो बिघडला तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं?’

(पडद्यावर: पुन्हा ती खोली. यावेळी दिवे लागलेले.)

ज्येष्ठ रेडिओग्राफर आत आल्या आहेत. त्या बटणाला हात लावत नाहीत. मॉनिटरकडे बोट करून विचारतात, “काय चुकलं, सांग.”

“पेशंट वळला होता, मॅडम. आणि श्वास... मी थांबले नाही.”

“मग आता?”

मुलगी पेशंटकडे जाते. “काका, अजून एकदा घेऊ या. हनुवटी इथे ठेवा. खांदे पुढे. मी सांगितलं की मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.” ती काचेआड येते. या वेळी तिची नजर बटणावर नाही, काकांच्या छातीवर आहे. छाती वर येते, अजून थोडी, थांबते.

नंतर नोंदवहीत एक ओळ: फोटो पुन्हा घेतला, कारण, पेशंट वळलेला, श्वास अपुरा. पुढे दोन सह्या.