पोटात दोन लिटर पाणी घेऊन व्यायाम? हो, पण कसा ते बघा

हे खोके बघताय ना, पीडी फ्लुइडचे, म्हणजे किडनीचं काम भागवायला पोटात भरतात त्या पेरिटोनियल डायलिसिसच्या पाण्याचे. महिन्याचा माल एकदम येतो, टेम्पोवाला जिन्याखाली ठेवून पसार. एका बॅगेत 2 लिटर, म्हणजे चार बॅगांचा खोका धरला तरी 8 किलोच्या वर. आणि गंमत बघा, ज्यांना रोज थोडं चाला म्हटलं तर "नको हो, पोटात कॅथेटर (डायलिसिसची नळी) आहे, भीती वाटते" म्हणतात, तेच काका हा खोका उचलून तडक दुसऱ्या मजल्यावर! आता यात धोक्याचं काय असेल तर तो खोका, चालणं नाही.

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये फ्लुइड पोटात भरून ठेवतात, हाताने एक्स्चेंज (जुनं पाणी काढून नवीन भरणं) करणाऱ्यांचं साधारण दिवसातून 4 वेळा, आणि दर वेळी चार-सहा तास ते आतच असतं, त्यामुळे पोटात दाब असतोच. आडवं पडल्यावर सगळ्यात कमी, उभं राहिलं की जास्त, आणि बसल्यावर सगळ्यात जास्त, हे ऐकून भलेभले चकित होतात. त्यात दम रोखून वजन उचललं, जोर काढले, की दाब अजून चढतो, मग हर्निया होतो नाहीतर कॅथेटरच्या बाजूने पाणी झिरपायला लागतं. म्हणून उचलताना श्वास सोडत राहायचं. आणि नवीन कॅथेटर बसवलाय त्यांनी तर पहिले चार-सहा आठवडे जड कशालाच हात लावायचा नाही, घरात फिरा, खुशाल फिरा.

चालणं पोटात पाणी असताना पण चालतं, फक्त नळी टेपने नीट चिकटवा, पट्टा किंवा नाडी एक्झिट साइटवर (नळी पोटातून बाहेर येते त्या जागेवर) घासायला नको. पोटाचे व्यायाम, वजनं वगैरे करायची असतील तर पोट रिकामं असताना बरं. पण त्यासाठी मध्येच ड्रेन करून कॅप लावायची का, हे पीडी नर्सला विचारूनच ठरवा, कारण एक कनेक्शन वाढलं की इन्फेक्शनला एक दार जास्त उघडतं. कपालभातीचं पण तेच, शेजारचे योगवाले कितीही छातीठोक सांगू देत, पोटाला झटके द्यायच्या आधी नेफ्रोलॉजिस्टची परवानगी घ्या.

पोहायचंय? विहीर, नदी, तळं विसरा. साइटची जखम पूर्ण भरली असेल, डॉक्टर हो म्हणाले असतील, तर क्लोरीनचा स्वच्छ पूल, वर वॉटरप्रूफ कव्हर, आणि बाहेर आल्या आल्या साइट साफ, कोरडी, नवीन ड्रेसिंग. घामाने भिजलं तरी हेच, उद्यावर ढकलायचं नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली की तिथेच थांबा. आणि पोट दुखतंय, ताप आहे किंवा ड्रेन बॅगेतलं पाणी गढूळ दिसतंय, तर व्यायाम राहू दे, लगेच सेंटरला फोन करा, आणि ती गढूळ बॅग ओतून टाकू नका, दाखवायला सोबत घेऊन जा.