तोंडात लोखंड नसलेला लगाम

[घोड्याचं तोंड, अगदी जवळून. ओठांच्या कोपऱ्यातून एक अंगठा आत जातो.]

इथे दात नाहीत. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू व्हायच्या आधी हिरडीचा हा मोकळा पट्टा लागतो. लगामाची लोखंडी दांडी बसते ती याच फटीत, जिभेवरून आडवी. वर पातळ कातडी, खाली लगेच जबड्याचं हाड. या दांडीला काटेही लावतात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५च्या नियमांनी काटेरी लगामाला आपल्याकडे मनाई आहे. तरी पुढच्या वरातीत घोडीच्या ओठांचे कोपरे बघून घ्या.

[वेणीसारखा वळलेला चामड्याचा गोफ.]

कॅलिफोर्नियातले जुने गुराखी, वाकेरो, कोवळ्या घोड्याच्या तोंडात लोखंड घालतच नसत. नाकाडावर कच्च्या चामड्याचा हा गोफ, बोसाल. हनुवटीखाली त्याची जड गाठ. गाठीला घोड्याच्याच आयाळीची दोरी, मेकाते. हाताला चांगलीच टोचते. दोरी जरा उचलली की गाठ हलते, घोड्याला नाकावर इशारा कळतो. दोरी सैल, की दाब गेला.

यात भूतदया फारशी नव्हती. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येतात. अशा हुळहुळ्या तोंडात लोखंड घालून जनावर बिथरवायचं कशाला, हा रोकडा हिशोब. दात आले की काही काळ दोन्ही लगाम, आणि शेवटी लोखंडच. आज लोखंडाला पर्याय म्हणून विकत मिळणारी ही वस्तू तिथे पहिलीची इयत्ता होती.

[आजचे लगाम, एकापाठोपाठ एक.]

अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट कुक यांच्या लगामात पट्टे हनुवटीखाली एकमेकांना छेदून जातात. उजवीकडे ओढलं की डाव्या गालावर रेटा येतो आणि डोकं वळतं. पण लोखंड गेलं म्हणजे दुखणं गेलं, असं समजू नका. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो. नाकावरचा पट्टा खाली घसरला तर तिथल्या मऊ भागावरच आवळतो. लांब दांड्यांचा हॅकमोर, म्हणजे नाकावर चालणारा लगाम, तर तरफेसारखा नाक दाबतो. जड हाताच्या स्वाराला तो देऊच नये.

लोखंडाशिवाय घोडा आवरत नाही म्हणतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत दीड मीटरहून उंच अडथळ्यांवरून उड्या मारताना हॅकमोर चालतो. मोजून टाकलेल्या पावलांच्या ड्रेसाज या प्रकारात मात्र तोंडात लोखंड सक्तीचं.