उघाडीचं दार आणि घनपाठ

मंडळी, आपल्या विज्ञानकथांत इ. स. 12000 उजाडलं की यानाचा कप्तान अस्खलित संस्कृत बोलू लागतो. कथा तिथेच लंगडते. सोपारा या जुन्या बंदरात 1882 साली सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लेख इ. स. पू. तिसऱ्या शतकातला, पण भाषा प्राकृत. बंदरात रोज वापरली जाणारी भाषा झिजतेच. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ, शूर्पारकाचं सोपारा.

तेव्हा भविष्यातल्या कोकणात पात्रांच्या तोंडी झिजलेली मराठीच द्या. झिजवायचा नियम मात्र एकदा ठरवून सगळ्या शब्दांना लावा. एखादाच शब्द मोडला तर वाचकाला तो मुद्रणदोष वाटतो.

संस्कृत ठेवायचं ते पाठांतरात. समजा, खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीचा, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या दाराचा, नियम आहे, भरती चढण्याआधी म्हणायचा: ‘पूर्वं द्वारं पिधेहि’, आधी दार लाव. घनपाठात, म्हणजे शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हणायच्या वेदपाठाच्या रीतीत, हे तीन शब्द 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असे येतात, म्हणजे तिनाचे तेरा. पहिला शब्द पाचदा येतो. कुणी एकदा ‘पूर्वं’चं ‘सर्वं’ केलं, तर उरलेले चार त्याला पकडून देतात. चूक शोधण्याची सोय पाठातच आहे! पण ती राखते उच्चार, अर्थ नाही. पोरं तेरा शब्द बिनचूक म्हणताहेत, दार उघडंच आहे आणि खारं पाणी भातखाचरात शिरतंय: कथा इथून सुरू करा.

(‘नासाने संस्कृतला संगणकाची भाषा ठरवलं’ हे वाक्य कृपया नको. नासाने तसं काही ठरवलेलं नाही. संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या 1985 च्या लेखाला फुटलेले ते फाटे आहेत.)

आता हमखास होणाऱ्या चुका. नुसता अनुस्वार जोडून संस्कृत होत नाही. नभस् आणि यान मिळून ‘नभोयान’ होतं, ‘नभयान’ नव्हे. यंत्राचं नाव मेधा असेल तर हाक ‘मेधे’. दोघे खलाशी निघाले तर द्विवचनी ‘गच्छतः’. बहुवचनी ‘गच्छन्ति’ म्हटलं की तिसरा कोण, असा प्रश्न पडतो.

आकडे भूतसंख्येत, म्हणजे अंकांऐवजी शब्द वापरायच्या रीतीत, लपवता येतात: नेत्र म्हणजे 2, वेद 4, बाण 5. पण अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडायचे असतात, म्हणून ‘नेत्रवेदबाण’ म्हणजे 542. ही रीत विसरलेला पहारेकरी धावत 245 नंबरच्या उघाडीकडे जाईल, आणि भरती 542 वर चढलेली असेल.